पूर्वपक्ष

चार्वाक आपल्याला भेटतो तो त्याच्या विरोधकांच्या घरी. त्याच्या मताचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे गेले. उरलं ते खंडन करणाऱ्यांनी आपल्या पोथ्यांत आधी उतरवून घेतलेलं. 14व्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. एकेक दर्शन घ्यायचं, ते अपुरं ठरवायचं आणि पायरी-पायरीने शांकर वेदान्तापर्यंत चढत जायचं, अशी त्याची रचना. पहिली पायरी चार्वाकाची. त्याला सगळ्यांत खाली बसवलं हे खरं, पण बसवताना त्याचा युक्तिवाद पातळ केला नाही. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं तुम्ही म्हणता. पण जिथे धूर तिथे अग्नी असतोच, हे सगळ्या ठिकाणी आणि सगळ्या काळात जाऊन कोण पाहून आलं? अनुमानाच्या मुळावरच घाव घालणारा हा प्रश्न माधवाचार्यांनी इतका नेटका मांडला आहे, की उत्तराचं पान उलटण्याआधीच वाचक चार्वाकाच्या पंगतीत जाऊन बसावा. मराठीत स. रा. गाडगीळांनी ‘लोकायत’ लिहिलं, आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ लिहिलं. त्यांनाही बरीचशी सामग्री अशा परक्या घरांतूनच गोळा करावी लागली.

एवढं तत्त्वज्ञान आणि एवढ्या कथा-कादंबऱ्या वाचून मिळवलं काय, असं घरचे विचारतात, दारचे विचारतात, अधूनमधून माझं मीही विचारतो. तेव्हा मला हा चार्वाक आठवतो. शास्त्रग्रंथ लिहिण्याची आपल्याकडे एक रीत होती. आधी विरोधकाचं म्हणणं पुरतं मांडायचं, तो पूर्वपक्ष. त्याला सुचल्या नसतील त्या शंकाही त्याच्या वतीने आपणच काढायच्या. मग त्यांचा परिहार आणि शेवटी आपला सिद्धान्त. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांना प्रधानमल्ल ठरवलं. मुख्य पहिलवान चीत केला की बाकीच्यांशी वेगळी कुस्ती धरायला नको, असा तो हिशोब. पण मुख्य पहिलवान पाडल्याचा लौकिक हवा असेल तर त्याला उपाशी ठेवून चालत नाही. मला वाचनाने जी चटक लावली ती हीच: प्रतिपक्षाला पोटभर खाऊ घालून आखाड्यात उतरवणाऱ्या लेखकाची. आणि ही चटक जेवढी भाष्यांनी लावली, तेवढीच कादंबऱ्यांनी.

आमचं घर निफाड तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. आजोबा माळकरी. ते ज्ञानेश्वरी वाचत आणि मी अर्थ न कळता, नुसत्या ओवीच्या ठेक्यावर, त्यांच्या शेजारी बसून राही. गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होते, नाथमाधव होते, हरिभाऊ होते. पुस्तकं पुठ्ठ्यांतून सुटलेली, शेवटचं पान तर हमखास गळालेलं. रहस्यकथेचं शेवटचं पान नसलं की खुनी कोण हे आपलं आपण ठरवावं लागतं, आणि मित्राने दुसराच खुनी ठरवला असेल तर त्याची बाजू ऐकूनही घ्यावी लागते. तर्कशास्त्राचा पहिला धडा मी तिथे घेतला म्हणायला हरकत नाही.

पदवी झाली, बँकेत चिकटलो आणि पहिली नेमणूक मिळाली अमळनेरला. कापसाचा व्यापार, गिरणीचा भोंगा, बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी, आणि या सगळ्याच्या जोडीला तत्त्वज्ञान मंदिर. श्रीमंत प्रतापशेठ या गिरणीमालकाने 1916 साली ते उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्वज्ञ 1930च्या दशकात या खानदेशी गावात येऊन राहिला होता. साने गुरुजीही अमळनेरला आले ते आधी इथे, हायस्कुलातले मास्तर ते नंतर झाले. सरकीच्या वासाच्या गावात तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक निघत होतं, हे मला तेव्हा फार नवलाचं वाटे. आता वाटत नाही. ज्याच्याकडे पोटापुरतं आहे त्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न पडतोच. ज्याच्याकडे तेवढंही नाही त्याला ‘असं का?’ हा पडतो.

हा दुसरा प्रश्न आमच्या हेडकॅशियरांचा. युनियनचे खंदे कार्यकर्ते आणि पक्के मार्क्सवादी. ओल्या स्पंजवर बोट टेकवत नोटांची थप्पी मोजायचे आणि मोजता मोजता बोलायचे, पण आकडा चुकला असं कधी झालं नाही. मी टिळकांचं ‘गीतारहस्य’ वाचायला घेतल्याचं त्यांच्या कानावर गेलं.

“मग, पटतंय का?” त्यांनी विचारलं.

“मिलचं चुकलंय असं वाटतं,” मी म्हणालो.

“मिल वाचलायस?”

“टिळकांनी सांगितलाय ना.”

“म्हणजे फिर्यादीच्या वकिलाकडून आरोपीची हकिगत ऐकून आलास. बरं, टिळकांनी मिल कसा सांगितलाय ते तरी सांग. असा सांग, की मिल काउंटरपलीकडे उभा असता तर म्हणाला असता, बरोबर, हेच म्हणायचंय मला. मग पुढचं बोलू.”

मला सांगता आलं नाही. चौथं प्रकरण, ‘आधिभौतिक सुखवाद’, पुन्हा काढलं. तिथे टिळकांनी चार्वाकापासूनच सुरुवात केली आहे. निव्वळ स्वार्थ, मग हॉब्जचा दूरदर्शी स्वार्थ, मग स्वार्थ आणि परार्थ यांची तडजोड, आणि शेवटी पुष्कळांचं पुष्कळ हित. माधवाचार्यांचीच पायऱ्यांची रीत, फक्त पायऱ्यांवर आता साहेब बसलेले. मंडालेच्या तुरुंगात टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून बांधलेल्या वह्या आणि शाईऐवजी पेन्सिल. 1910-11च्या हिवाळ्यात त्या वह्यांत लिहिलेला ग्रंथ 1915 साली छापून आला. ज्या सरकारने राजद्रोहाखाली सहा वर्षं कोठडीत टाकलं, त्याच सरकारच्या देशातल्या मिल आणि ग्रीन या तत्त्वज्ञांचं म्हणणं हा माणूस निगुतीने मांडतो, त्यातलं घ्यायचं ते घेतो, मग आपला कर्मयोग पुढे करतो. टिळकांचा सिद्धान्त मला आजही सगळा पटत नाही. पण पटत नाही हे म्हणायचा अधिकार कसा कमवायचा, ते मी त्यांच्याच पुस्तकात शिकलो.

मिल मांडून दाखवल्यावर हेडकॅशियरांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं: दस्तयेवस्कीचं ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’. म्हणाले, “आस्तिक माणसाने नास्तिकाचं वकीलपत्र कसं घ्यावं, ते बघ.” कादंबरीतला इव्हान आपल्या धाकट्या भावाला, मठात राहणाऱ्या अल्योशाला, सांगतो की देव असेलही, पण निष्पाप मुलांच्या छळाची किंमत मोजून विश्वाचा मेळ बसणार असेल तर त्या मेळात मला जागा नको. देव नाही हे सिद्ध करणं त्यामानाने सोपं. इव्हान त्याहून अवघड करतो, तो देवाचा हिशोब तपासून परत पाठवतो. दस्तयेवस्की स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. कादंबरी क्रमशः छापून येत असताना, 1879मध्ये, इव्हानला दिलेलं आपलं उत्तर पुरेसं ठरेल ना, याची त्याला काळजी लागली होती आणि ती त्याने पत्रांत लिहून ठेवली आहे. ते उत्तर मुद्द्याला मुद्दा असं नाहीच. साधू झोसिमाचं आयुष्य समोर ठेवलं आहे, एवढंच. मी वाचलं तेव्हा मला इव्हानच जिंकला असं वाटलं. हेडकॅशियर मात्र म्हणाले, “मला तो झोसिमा सोडत नाही रे.” आजोबांच्या माळेजवळ वाढलेला मी इव्हानच्या बाजूला आणि मार्क्सवादी हेडकॅशियर झोसिमाच्या, असा तो उलटाच संध्याकाळचा वाद. लेखकाने दोन्ही पहिलवान धष्टपुष्ट ठेवले होते म्हणून तो रंगला.

तरीही तत्त्वज्ञान आणि साहित्य एकच काम करतात असं मी म्हणणार नाही. तत्त्वज्ञ विधान करतो तेव्हा ते सगळ्यांसाठी असतं, म्हणून त्याच्या विधानात कुणीच राहत नाही. हे टॉलस्टॉयने जितकं उघडं केलं तितकं कुणी केलं नसेल. ‘द डेथ ऑफ इव्हान इलिच’ ही त्याची 1886ची दीर्घकथा. इव्हान इलिच हा न्यायखात्यातला अधिकारी, संसार आणि बढत्या नीट जमवलेला. तो मरणाला टेकतो तेव्हा त्याला कीझेवेटरच्या तर्कशास्त्रातलं, विद्यार्थिदशेत शिकलेलं अनुमान आठवतं: कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. अनुमानात खोट नाही. कायसच्या बाबतीत ते रास्तच आहे. पण लहानपणचा चामड्याचा चेंडू, त्याचा वास, आईचा हात, हे सगळं असलेला आपण म्हणजे का कायस? हा कीझेवेटर कांटचा शिष्य होता. त्याच्या पाठ्यपुस्तकातलं एक निर्दोष अनुमान टॉलस्टॉयने मरणाऱ्या माणसाच्या उशाशी नेऊन ठेवलं. तिथे ते खोटं ठरत नाही, पण त्याचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो गेरासिम या शेतकरी नोकराचा. मालकाचे पाय खांद्यावर घेऊन तो रात्र-रात्र बसतो, कारण पाय उंच धरले की दुखणं कमी वाटतं.

माझे वडील शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा मी रजा काढून गावी गेलो होतो. त्यांना बरं वाटेल म्हणून गीतेचा दुसरा अध्याय अर्थासह वाचायला बसलो. आत्मा मरत नाही, मारत नाही, इथपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते राहू दे आता. पेपर आण. लासलगावला काय भाव निघाला बघ.” मी कांद्याचे भाव वाचले: किमान, कमाल, सरासरी. सरासरी त्यांनी पुन्हा वाचायला लावली. चाळीत माल पडून होता. तेव्हा मला जरा लागलं होतं. पुढे ‘इव्हान इलिच’ पुन्हा वाचताना लक्षात आलं, की त्या दुपारी आमच्या घरात अडाणीपणाचं काहीच घडलं नव्हतं. आत्मा सगळ्यांचा, चाळीतला कांदा त्यांचा. माणूस जाताना आपल्या नावावर जे असतं त्याची विचारपूस करतो, आणि साहित्य त्या सातबाऱ्याची नोंद ठेवतं.

मराठी वाचकाचं भाग्य असं, की त्याच्या भाषेत तत्त्वज्ञान आणि साहित्य यांची वाटणी फार उशिरा झाली. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे. अज्ञानाला स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्यांशी तो रीतसर वाद आहे, आणि तो ओवीत आहे. तुकोबांकडे तर दोन्ही पक्ष एकाच माणसात नांदतात. एका अभंगात विठ्ठलावर फिर्याद, दुसऱ्यात त्याच्याच पायांवर लोटांगण, आणि पहिला अभंग दुसऱ्याने रद्द होत नाही. गाथा कुठल्याही पानावर उघडणारे आजोबा आज कोणते तुकोबा निघतील याची खात्री नसतानाच उघडत असणार.

उलट टोकाला जी. ए. कुलकर्णी. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा वाचताना सारखं वाटतं, की आपण नियतीविषयीचा एक प्रचंड पूर्वपक्ष वाचतो आहोत. माणसाने कितीही धडपड केली तरी फासे आधीच पडलेले असतात, हे म्हणणं जीए पूर्ण ताकदीनिशी उभं करतात आणि उत्तरपक्षाचं पान कोरं ठेवतात. काहींना त्याने निराश वाटतं. मला ते पान वाचकाच्या नावाने सोडलेलं वाटतं, गावच्या वाचनालयातल्या त्या गळालेल्या शेवटच्या पानासारखंच.

पुढे बदल्यांच्या ओघात वाईला काही काळ काढला. कृष्णेच्या घाटापासून जवळच प्राज्ञपाठशाळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथेच घडले. जुन्या पद्धतीने न्याय आणि वेदान्त शिकलेला हा शास्त्री अस्पृश्यता निवारणासाठी गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थाला उभा राहिला, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहकारी झाला, ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून गेला आणि उतारवयात मराठी विश्वकोशाचा संसार मांडून बसला. ज्या परंपरेची चिकित्सा करायची ती आतून, तिच्याच हत्यारांनी करायची, ही त्यांची ताकद. वाईहूनच निघणाऱ्या ‘नवभारत’चे संपादक मे. पुं. रेगे हे त्याच आळीतलं दुसरं मोठं नाव. 1983 साली पुण्यात रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. न्यायशास्त्रात मुरलेल्या पंडितांपुढे बर्ट्रांड रसेलचे विधानाविषयीचे विचार संस्कृतातून ठेवले आणि म्हटलं, हा तुमचा पूर्वपक्ष, आता बोला. आणि पंडित बोलले, रसेल जणू काशीच्याच दुसऱ्या पाठशाळेतला असावा इतक्या सहजपणे. त्या चर्चेचं ‘संवाद’ हे पुस्तक 1991 साली निघालं. पुस्तक अवघड आहे, मला थोडंच झेपलं. पण आपल्या शास्त्रांत नवा प्रतिपक्ष पचवायची भूक अजून शाबूत आहे, हे कळायला तेवढं पुरलं.

या छंदात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. सगळ्यांच्या बाजू समजायला लागल्या की माणूस कुठल्याच बाजूला उभा राहत नाही. समजूतदारपणाचं सोंग घेऊन कुंपणावर बसणं फार सोयीचं असतं. अमळनेरला असताना बँकेचा संप आला. मी हेडकॅशियरांना व्यवस्थापनाचं म्हणणं मुद्देसूद सांगितलं, मग युनियनचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. थप्पीला रबर लावलं आणि विचारलं, “झकास. आता सांग, उद्या तू आत असणार की बाहेर?” शास्त्रकारांनी पूर्वपक्षानंतर सिद्धान्त सांगितला आहे तो शोभेसाठी नाही. दुसऱ्या दिवशी मी बाहेर होतो.

आगरकरांनी 1883 साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ या नावाने. करू की नको या विचारात अडकलेल्या जगप्रसिद्ध राजपुत्राला मराठी बोलायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र पाऊल अडखळू न देता चालला. मिल आणि स्पेन्सर वाचून जे पटलं ते ‘सुधारका’त लिहिलं आणि त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यावरून निघालेली पाहिली. द्विधा मनाचं नाटक इतक्या जवळून हाताळूनही त्यांना द्विधा राहावंसं वाटलं नाही. मला वाटतं, जवळून हाताळलं म्हणूनच वाटलं नाही. शंका ज्याने पुरती ऐकून घेतली आहे, त्याच्या निर्णयात धाक नसतो, हट्टही नसतो. न ऐकताच निर्णय घेतलेला माणूस पुढे आयुष्यभर कान झाकून फिरतो.

आता मी निवृत्त आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक टायपाची जुनी पुस्तकं भिंगाखाली धरावी लागतात. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात खाली पुस्तकं आणि वर अभ्यासिका. वर स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. त्यांना एथिक्सचा पेपर असतो, त्यात देशोदेशीचे नीतिविचारक येतात, म्हणून मधूनच कुणीतरी जिना उतरून माझ्याकडे येतं. परवा एक मुलगा आला. “काका, कांट दोन ओळींत सांगा ना.”

मी म्हटलं, “आधी मिल चार ओळींत ऐक, मग कांट दोन ओळींत समजेल.”

“तो पण सिलॅबसमध्ये आहे ना? मग चालेल.”

मिल झाला, कांट झाला. मग मी त्याला कांटचा 1797चा तो गाजलेला निबंध सांगितला. फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंटने आक्षेप घेतला होता: खुनी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात लपलाय का? तेव्हाही खरंच बोलायचं? कांट म्हणाला, हो, तेव्हाही. सत्य बोलण्याच्या कर्तव्याला असे अपवाद काढता येत नाहीत. मी दोन्ही बाजू मन लावून मांडल्या, हेडकॅशियरांची शिस्त ठेवून. मुलाने वहीत टिपून घेतलं आणि निघून गेला.

आठवडा उलटल्यावर तो पुन्हा जिना उतरून आला. वही नव्हती हातात. “काका, ते दाराचं डोक्यातून जात नाहीये,” म्हणाला. “दार उघडणाऱ्याने काय करायचं यावर दोनशे वर्षं चर्चा चालू आहे. खुन्याला काय पाहिजे तेही माहीत आहे. पण जो आत लपलाय, त्याला कुणी विचारलं का? त्याला काय वाटतं, यांनी खोटं बोलावं का आपल्यासाठी? तो आत बसून सगळं ऐकतोय ना.”

मी एवढी वर्षं तो निबंध शिकवण्याच्या थाटात सांगत आलो, पण उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो. आतल्या माणसाचा पूर्वपक्ष मांडायला कांट पुरत नाही, मिलही पुरत नाही. पलंगाखाली त्याच्याशेजारी जाऊन पडणारा कुणीतरी लागतो, आणि ते काम कथाकाराचं. मी उठलो, परदेशी भाषांतरांच्या कपाटातून ‘इव्हान इलिच’ काढला आणि मुलापुढे ठेवला.

“हे सिलॅबसमध्ये नाहीये,” तो म्हणाला.

“नाहीच आहे.”

त्याने पुस्तक उलटसुलट केलं, शेवटच्या पानाचा आकडा पाहिला. “बारीक आहे. चालेल,” म्हणाला आणि नोंदवहीत सही करायला गेला.